बेस गिटारीची निवड आणि खर्जाची जवारी

वाद्यांच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी झाले आहे : एक वाद्याच्या उत्पत्तीचे, आणि दुसरे ते वाद्य हाती घेऊन कीर्ती मिळविलेल्या कलावंतांच्या चरित्राचे. एकाच वाद्याच्या अनेक बनावटी समोर असता वादकाने त्यांपैकी एक का उचलली आणि दुसरी का ठेवून दिली, हा तिसरा प्रश्न मागे पडतो. तो दुकानदाराचा किंवा हौशी मंडळींचा प्रश्न समजला जातो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न विद्युत बेस गिटारीच्या बाबतीत विचारावयाचा आहे, आणि तोही मुख्यतः मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या संदर्भात. ह्या वाद्याच्या निवडीविषयी जे बोलले जाते ते लाकूड, कारखान्याचे नाव, तारांची संख्या आणि वादकाची आवड ह्यांभोवती फिरते. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु आमचे म्हणणे असे आहे की, बेस गिटारीचा कोणत्या जातीचा स्वर चालेल हे वादकाच्या आवडीपेक्षा श्रोत्याच्या घरातील यंत्राने अधिक ठरविले. आणि ही गोष्ट ध्यानात न घेता, आज जुनी गाणी ऐकून ह्या वाद्याचा इतिहास लिहू जाणारा अभ्यासक फसण्याचा संभव मोठा आहे.

प्रथम येथे खर्ज म्हणजे किती खोल, ह्याचे माप घेऊ. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ आंदोलने करते. चार तारांच्या बेस गिटारीची सर्वांत जाड तार पाश्चात्त्य पद्धतीप्रमाणे 'ई' ह्या स्वरात मिळवितात. तिची आंदोलने सेकंदाला सुमारे ४१ भरतात. म्हणजे आपल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्याही खाली नऊ अर्धस्वर. इतक्या खालचा स्वर माणसाच्या कानाला मुळातच मंद लागतो. असे असता तंबोऱ्याचा खर्ज भरल्या दिवाणखान्यात शेवटच्या बैठकीपर्यंत पोहोचतो, ह्याचे कारण जवारी. घोडीच्या रुंद पाठीवर तार निसटती टेकलेली असते. तिच्याखाली दोरा सरकवून योग्य जागा सापडली की तार खुलते, आणि मूळ स्वराच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे व त्याही वरचे उपस्वर झळाळू लागतात. सी. व्ही. रामन ह्यांनी १९२१ साली तंबोरा व वीणा ह्यांच्या घोडीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले, ते ह्याच विशेषासाठी. तार एखाद्या विशिष्ट बिंदूवर छेडली असता जे उपस्वर पाश्चात्त्य नियमाप्रमाणे उमटूच नयेत, ते ह्या वाद्यांत जोरकसपणे उमटतात, असे त्यांनी दाखविले.

ह्याला श्रवणशास्त्राची एक जोड आहे. जर्मन पदार्थविज्ञानी आउगुस्ट झेबेक ह्याने १८४१ च्या सुमारास भोंग्याच्या साह्याने केलेल्या प्रयोगांतून असे सूचित झाले होते की, मूळ स्वर क्षीण असला, किंबहुना जवळजवळ नसला, तरी त्याचे उपस्वर कानी पडत असतील तर कान त्या मूळ स्वराचीच उंची ग्रहण करतो. पुढील शतकात हे तत्त्व सर्वमान्य झाले. सोप्या भाषेत, खर्ज प्रत्यक्ष ऐकू आला नाही तरी त्याच्या सावलीवरून तो ओळखता येतो. मात्र सावली पडण्यापुरती जवारी त्याला हवी.

आपले सतारिये जवारीचे दोन मुख्य भेद करतात : खुली आणि बंद. खुल्या जवारीत उपस्वर पुष्कळ व झणकार मोठा. बंद जवारीत स्वर गोल, आटोपशीर आणि मऊ. बेस गिटारीच्या घोडीला अशी जवारी नसते. तरीही ह्या वाद्याच्या निरनिराळ्या जातींतला भेद समजून घेण्यास हे दोन शब्द कारखानदारांच्या नामावळीपेक्षा आम्हांस अधिक उपयोगी वाटतात. तंबोऱ्यात जे काम घोडी करते ते बेस गिटारीत तीन ठिकाणी वाटले गेले आहे : तारेवरील वेढा, तारांखालच्या पिकअपची जागा, आणि तार छेडण्याची रीत. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले बारीक तारेचे वेटोळे. ते दांडीकडे बसविले तर मूळ स्वर अधिक घेते व स्वर बंद होतो. घोडीकडे बसविले तर उपस्वर अधिक घेते व स्वर खुलतो. तारेवर चपट्या पट्टीचा वेढा असला तर स्वर बंद, गोल तारेचा असला तर खुला. बोटाच्या पेराने छेडल्यास बंद, नखीने छेडल्यास खुला. बाकीचे तपशील, म्हणजे लाकूड, रंग व आकार, ह्यांचा परिणाम ह्या तीन गोष्टींच्या मानाने गौण होय.

ही मोजपट्टी घेऊन आता वाद्याच्या बनावटींकडे पाहू. विद्युत बेस गिटारीपूर्वी ते काम डबल बेस हे पुरुषभर उंचीचे वाद्य करीत असे. ते वाहून नेणे जिकिरीचे, त्याला पडदे नाहीत, आणि मोठ्या वाद्यवृंदात त्याचा छेडलेला स्वर बुडून जातो. १९३६ च्या सुमारास अमेरिकेतील सिएटल येथे पॉल टटमार्क ह्याने पडद्यांचे, आडवे धरून वाजविण्याचे विद्युत वाद्य 'ऑडिओव्हॉक्स' ह्या नावाने विकावयास काढले होते; पण ते मागे पडले. खरा बदल झाला तो १९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर ह्याच्या 'प्रिसिजन' ह्या वाद्याने. त्याच्या नावातच त्याचा दावा आहे : पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो. तारेची मोकळी लांबी ३४ इंच, म्हणजे डबल बेसहून पुष्कळ कमी. १९५७ मध्ये त्याचे पिकअप दुभागून बसविण्यात आले आणि वाद्याला आजचे रूप आले. १९६० साली त्याच कारखान्याने 'जॅझ बेस' काढला. त्याची दांडी वरच्या टोकाशी निमुळती, आणि पिकअप दोन, त्यांपैकी एक घोडीजवळ. वादकाने कळ फिरवून जवारी खुली की बंद हे वाजवताना ठरवावे, अशी ती सोय होती.

ह्याउलट गिब्सन कंपनीने १९५३ मध्ये काढलेल्या बेसचे एकुलते पिकअप दांडीला चिकटून होते व तारेची लांबी साडेतीस इंच होती. स्वर अतिशय गडद, पण बोथट. जर्मनीतील हॉफ्नर कारखान्याचा १९५६ चा व्हायोलिनच्या आकाराचा पोकळ बेस हलका होता, आणि त्याचाही स्वर मऊ. १९६१ साली हँबुर्ग येथे पॉल मॅकार्टनी ह्या तरुणाने तो विकत घेतला म्हणून त्याची कीर्ती जगभर झाली. साठीच्या दशकाच्या मध्यास इंग्लंडात तारा तयार करणारे जेम्स हाऊ व वादक जॉन एंटविसल ह्यांनी मिळून गोल वेढ्याच्या तारा सिद्ध केल्या, तेव्हा खुल्या जवारीचे पारडे जड होऊ लागले. १९६६ मध्ये ॲम्पेग कंपनीने बिनपडद्याचा बेस बाजारात आणला. हा प्रकार आपल्या दृष्टीने विशेष मनोरंजक आहे. त्याकडे पुढे येऊ.

ऐकण्याच्या साधनाने वादकाच्या निवडीवर कुरघोडी केल्याची उदाहरणे परदेशात स्पष्ट सापडतात. अमेरिकेत नॅशव्हिल येथील ध्वनिमुद्रणशाळांत पन्नास-साठीच्या दशकांत डबल बेसच्या जोडीला सहा तारांची बेस गिटार तळहाताने दाबून, नखीने वाजविण्याची पद्धत पडली. दोघेही तोच खर्ज वाजवीत. वादकांच्या बोलीत ह्याला 'टिक-टॅक' म्हणत. संगीताच्या दृष्टीने ही द्विरुक्तीच. पण छोट्या रेडिओवर डबल बेसचा मूळ स्वर येत नसे आणि ह्या टिकटिकीवरून कान तो भरून काढी. एकाच खर्जासाठी दोन माणसांना वेतन देण्याइतकी ती गरज खरी होती. दुसरे उदाहरण लंडनचे. तबकडी कोरणाऱ्या तंत्रज्ञांना फार जोरकस खर्जाची धास्ती असे, कारण त्याने खाचेतून सुई उडण्याचा धोका असे. मॅकार्टनीने हॉफ्नर बाजूला ठेवून रिकनबॅकर हा अधिक खुल्या स्वराचा बेस हाती घेतला, आणि १९६६ च्या 'पेपरबॅक रायटर' ह्या तबकडीच्या वेळी तंत्रज्ञांनी ध्वनिक्षेपकाचाच ध्वनिग्राहक करून खर्ज पकडण्याची युक्ती योजिली. ह्या बदलाला त्याच्या आवडीचा पुरावा मानणे सोपे आहे. परंतु त्याच सुमारास तबकडीत काय बसते आणि काय बसत नाही ह्याविषयी चाललेली ओढाताण पाहिली, म्हणजे ती आवड कोणत्या बंदोबस्तात वाढली हे कळते.

एक प्रतिउदाहरण येथेच नोंदविले पाहिजे. डेट्रॉइट येथील मोटाउन कंपनीच्या तबकड्यांवर वाजविणारा जेम्स जेमर्सन हा प्रिसिजन बेसवर चपट्या वेढ्याच्या तारा वापरी, आणि एकाच बोटाने छेडी. म्हणजे जवारी पुरती बंद; आणि तरीही त्याचा बेस मोटारीतील रेडिओवर ऐकू येई. ह्याचे उत्तर आमच्या मते त्याच्या स्वररचनेत आहे. तो एकाच खर्जावर ठाण मांडून बसत नसे; वरच्या तारांवर, म्हणजे ८० ते २०० आंदोलनांच्या टापूत, सतत हिंडत असे. वाद्य बदलता येत नसेल तर जागा बदलावी, हा तिसरा मार्ग त्याने दाखविला. मुंबईच्या संदर्भात ही गोष्ट महत्त्वाची ठरणार आहे.

मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदाचा कणा गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा होता, हे आता सर्वज्ञात आहे. गोव्यातील चर्चच्या शाळांत त्यांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकावयास मिळे. पोटासाठी ते मुंबईस येत, रात्री हॉटेलांतून जॅझ वाजवीत व दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जात. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ह्यांसारख्या वृंदरचनाकारांनी हिंदी गीतांस स्वरसंवादाची पार्श्वभूमी दिली. आणि स्वरसंवाद म्हटला की खर्जाचा पाया आलाच. आपल्या परंपरेत तंबोऱ्याचा खर्ज अचल आहे. राग त्याच्यावर उभा राहतो. ह्या नव्या रचनेत खर्ज चालू लागला. हा फरक केवळ वाद्याचा नव्हे, गीताच्या घडणीचा आहे. ग्रेगरी बूथ ह्यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात आणि नरेश फर्नांडिस ह्यांनी २०१२ च्या मुंबईच्या जॅझवरील पुस्तकात ह्या वादकांचा मागोवा घेतला आहे. दोघांच्या लेखनातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते : ज्यांनी वाजविले त्यांची नावे तबकडीवर वा पडद्यावर क्वचितच झळकली. बेसवादकाच्या बाबतीत ही अनामिकता दुहेरी म्हणावी लागते, कारण त्याचे वादन अनेकदा धड ऐकूही येत नसे.

ते ऐकण्याचे साधन कोणते होते? १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. लघुलहरींवर येणारा तो ध्वनी चढउतार करीत, खरखरत येई. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाल्यावर गीते परत आली. साठीच्या दशकात ट्रांझिस्टर घरोघर पोहोचला आणि त्याचा तळहाताएवढा ध्वनिक्षेपक हेच बहुसंख्य श्रोत्यांचे प्रेक्षागृह झाले. एवढ्या क्षेपकातून सेकंदाला दीडशे-दोनशे आंदोलनांखालचे स्वर नावापुरतेच येतात. बेस गिटारीच्या चारही मोकळ्या तारा ह्या मर्यादेच्या खाली आहेत. सर्वांत वरची 'जी' तारसुद्धा ९८ आंदोलनांची आहे. म्हणजे ट्रांझिस्टरवर गीत ऐकणाऱ्याने बेस 'ऐकला' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याने प्रायः त्याची जवारी ऐकलेली असते.

येथे कोणी म्हणेल, गीते मुळात चित्रपटगृहासाठी मुद्रित होत, आणि तेथील क्षेपक तर पुरुषभर उंचीचे असत. हा आक्षेप रास्त आहे. परंतु चित्रपटगृहाची ध्वनिव्यवस्थाही खर्जाला फारशी अनुकूल नव्हती. चित्रफितीच्या कडेच्या प्रकाशध्वनीपट्टीसाठी अमेरिकेत १९३८ साली जो दंडक ठरला, त्यात १०० आंदोलनांपासून सुमारे १६०० पर्यंतचा टापू सपाट ठेवून दोन्ही टोके उतरती केली होती : ४० आंदोलनांशी सुमारे ७ डेसिबेल आणि ८००० शी सुमारे १८ डेसिबेल. आपल्याकडची एकवाहिनी प्रकाशध्वनीपट्टी ह्याच जातीची होती. ह्या व्यवस्थेत अति खुली जवारीही वाया जाते, कारण तिचा वरचा झणकार छाटला जातो. उरतो तो मधला टापू. आणि तो रेडिओला जसा मानवतो तसा चित्रपटगृहालाही. १९७५ च्या १५ ऑगस्टला प्रदर्शित झालेला 'शोले' ७० मिलिमीटरच्या फितीवर बहुवाहिनी ध्वनीसह आला, पण अशी सोय असलेली चित्रपटगृहे मोजकीच होती.

आता ध्वनिमुद्रणशाळेत काय घडे ते पाहू. ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब अशा ठिकाणी गायक आणि सारा वाद्यवृंद एकत्र बसून गीत सलग मुद्रित करण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. पन्नास-साठ वादक, मोजके ध्वनिग्राहक, आणि कोणाही एकाची चूक झाली तर सर्वांना पुन्हा वाजवावे लागे. ह्या शिस्तीत बेसवादकाकडून अपेक्षा दोनच : स्वर नेमका लागला पाहिजे आणि ठेका ढळता कामा नये. डबल बेसचा वादक कितीही कुशल असला तरी त्याचे वाद्य ध्वनिग्राहकापासून जितके दूर तितके ते पुसट. विद्युत बेस गिटारीला ही अडचण नव्हती. तिचा स्वर ध्वनिवर्धकातून हवा तेवढा वाढविता येई. साठीच्या दशकात ती चित्रपटगीतांत शिरली, आणि राहुलदेव बर्मन ह्यांच्या वृंदात तिला कायमची जागा मिळाली. १९६६ च्या 'तीसरी मंझिल'नंतर त्यांच्या गीतांत विद्युत गिटारींचा जो प्रपंच दिसतो, त्यातील खर्जाची बाजू टोनी वाझ ह्यांनी दीर्घकाळ सांभाळली. चरणजित सिंग हेही त्या काळचे बेस व गिटार वाजविणारे नामांकित वादक. १९८२ मध्ये त्यांनी संश्लेषकावर दहा रागांची जी तबकडी मुद्रित केली तिच्यामुळे उतारवयात त्यांचे नाव परदेशी पोहोचले.

ह्या वादकांना निवडीला वाव कितपत होता? १९५७-५८ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर जे कडक निर्बंध आले ते १९९१ पर्यंत कमीअधिक टिकले. परदेशी वाद्य मिळणे हीच मोठी गोष्ट. त्याचे पिकअप कोठे आहे ही चिकित्सा नंतरची. म्हणून अमेरिकेतील वादक जो प्रश्न वाद्य बदलून सोडवी, तो येथील वादकाला हाताने सोडवावा लागे. तार घोडीजवळ छेडावी की दांडीजवळ, नखीने की बोटाने, तळहाताने किती दाबावी, आणि जेमर्सनप्रमाणे एक सप्तक वर जाऊन वाजवावे काय, ह्या चार-पाच हालचालींत जवारीचा सारा हिशेब येई. सत्तरीच्या दशकातील हिंदी गीतांत बेस गिटार पुष्कळदा ताल धरून बसण्याऐवजी गाण्याच्या ओळींमधील मोकळ्या जागेत छोटीशी स्वराकृती घेऊन वर येते आणि पुन्हा खाली बसते. ही शैलीची लकब आहे हे खरे. पण अशी स्वराकृती छोट्या क्षेपकावर ऐकू येणाऱ्या टापूत घेतलेली असते, हेही तितकेच खरे.

बिनपडद्याच्या बेसचा प्रश्न येथे येतो. मींड व गमक ह्यांवर पोसलेल्या आपल्या कानाला पडद्यांचे बंधन जाचक वाटावे आणि सरोदाप्रमाणे सपाट दांडीचा बेस आपल्याकडे आधी रुजावा, असे तर्काने वाटते. परंतु चित्रपटाच्या वृंदात तसे घडले नाही. आमच्या मते ह्याचे कारण त्या सामूहिक मुद्रणात आहे. मींडेला अवकाश लागतो, आणि ती चुकली तर शंभर हात थांबतात. शिवाय मींडेचे काम गायक, सारंगी, सतार व व्हायोलिन ह्यांनी आधीच वाटून घेतले होते. जे वाद्य पायाला घातले आहे त्याने हलावे अशी कोणाची इच्छा नव्हती. फेंडरने १९५१ साली आपल्या वाद्याला जे नाव दिले ते अमेरिकेपेक्षाही मुंबईच्या मुद्रणशाळेला अधिक लागू पडते, असे म्हणण्याचा मोह होतो.

चित्रपटाबाहेर, इंग्रजी गीते गाणाऱ्या तरुणांचे गट मुंबईत साठीच्या दशकातच निघाले होते. 'सिमला बीट' स्पर्धेच्या १९७० व १९७१ च्या तबकड्यांवर देशभरच्या अशा गटांचे वादन मुद्रित आहे, आणि सत्तरीच्या दशकातील 'ॲटॉमिक फॉरेस्ट' ह्या मुंबईच्या गटाचे सूत्रधार कीथ कांगा हे स्वतः बेसवादक होते. चौघा-पाचजणांच्या गटात बेसला लपण्यास जागा नसते. तेथे स्वर खुला व्हावा हे साहजिक. ह्या वादकांचे व चित्रपटवृंदाचे दळणवळण होते, त्यामुळे त्यांच्या कानाची सवय मुद्रणशाळेत झिरपली असल्यास नवल नाही.

१९८० नंतर चित्र पालटले. 'कुर्बानी'तील नाझिया हसनने गायिलेले बिद्दू ह्यांचे गीत लंडनमध्ये बहुपट्टी यंत्रावर मुद्रित झाले होते. त्यातील बेस हा पाया न राहता गीताचा चेहराच बनला. आखाती देशांतून येणारे टेपरेकॉर्डर व पुढे स्वस्त झालेल्या ध्वनिफिती ह्यांनी मोठे क्षेपक घरात आणले. खर्ज आता सावलीवरून ओळखण्याची गरज उरली नाही. तो छातीला जाणवू लागला. ह्याच काळात एक असा प्रकार घडला की ज्याने अभ्यासकाची वाट बिकट केली. जुनी गीते 'झंकार' ह्या नावाखाली, वरून इलेक्ट्रॉनिक ताल व खर्ज चढवून, ध्वनिफितींवर विकली गेली. त्यानंतर डिजिटल तंत्राने मूळ मुद्रणे 'स्वच्छ' करताना खालचा टापू उचलून धरण्याचीही प्रथा पडली. आज विद्यार्थी कानात बसणाऱ्या क्षेपकांतून १९७१ चे गीत ऐकतो आणि त्यातील बेसची गोलाई पाहून थक्क होतो. ती गोलाई मूळ फितीवर असूही शकेल. पण १९७१ च्या श्रोत्याने ती ऐकली होती, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. हस्तलिखिताच्या पाठचिकित्सेत आपण नंतरच्या लेखनिकाने घातलेली भर वेगळी काढतो. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत ती शिस्त अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही.

नव्वदीच्या दशकात दुसरा आघात झाला. संश्लेषकाच्या कळीवर खर्ज मिळू लागला आणि पन्नास वादकांचा वृंद मोडला. राहुलदेव बर्मन जानेवारी १९९४ मध्ये निवर्तले. पुढच्याच वर्षी आलेल्या 'रंगीला'ने नव्या पद्धतीची ग्वाही मुंबईत फिरविली. मात्र त्या पद्धतीचे अध्वर्यू अल्लारखा रहमान ह्यांनी कीथ पीटर्स ह्यांच्यासारख्या बेसवादकाला आवर्जून जवळ केले, ही लक्षात घेण्यासारखी बाब आहे. यंत्राचा खर्ज गिटारीच्या 'ई' स्वराच्या खाली सहज जाई. त्याची बरोबरी करण्यासाठी वादकांनी पाचवी तार जोडली, जी सुमारे ३१ आंदोलनांच्या 'बी' स्वरात मिळवितात. जगभर पाच तारांचा बेस रूढ होण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे. मुंबईत १९९६ साली जन्मलेल्या मोहिनी डे ह्यांच्या पिढीला चार, पाच की सहा तारा हा प्रश्न आयातीच्या परवान्याने अडत नाही. दुकानात सर्व जाती टांगलेल्या असतात.

निवड आता मोकळी झाली काय? ह्याची कसोटी पाहण्यास मुद्रणशाळेपेक्षा नावडे येथील हळदीची रात्र अधिक उपयोगी पडावी. दिवा-पनवेल लोहमार्गावर, तळोजाच्या औद्योगिक वसाहतीलगतचे हे गाव २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. ह्या आगरी मुलखात लग्नाची हळद आणि गणपतीची मिरवणूक बेंजो पथकावाचून होत नाही. हा बेंजो म्हणजे अमेरिकी बँजो नव्हे. टंकलेखनयंत्रासारख्या कळांचे ते बुलबुलतरंग होय, आणि त्याचा मूळपुरुष नागोया येथे १९१२ साली गोरो मोरिता ह्याने घडविलेले तैशोगोतो हे जपानी वाद्य. पिकअप लावून ध्वनिवर्धकातून सोडलेला त्याचा स्वर इतका खुला असतो की जवारीच्या परिभाषेत त्याला अतिखुला म्हणावे लागेल. त्याखाली खर्ज असतो तो कीबोर्डचा आणि ढोलांचा, टेम्पोवर रचलेल्या मोठ्या क्षेपकांतून आलेला. विविध भारतीच्या श्रोत्याला जो टापू कधी लाभला नाही तो येथे रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला, त्याची इच्छा असो वा नसो, लाभतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा घातली आहे. पण हे माप ज्या भारित पद्धतीने घेतात तीत ४० आंदोलनांच्या स्वराला सुमारे ३४ डेसिबेलची सूट मिळते. कान ज्या स्वराला मंद समजतो त्याला कायद्याचे यंत्रही मंदच समजते. खिडकीच्या काचा मात्र तसे समजत नाहीत.

अशा पथकात बेस गिटार घेऊन शिरू पाहणाऱ्या नावड्याच्या एखाद्या तरुणापुढे दोन यंत्रे एकाच वेळी उभी आहेत. टेम्पोवरील क्षेपकांसाठी बंद जवारीचा, दांडीकडील पिकअपचा, चपट्या तारांचा बेस उत्तम. तेथे खुला स्वर बेंजोशी भांडेल. पण त्याच रात्री कोणी तरी ते वादन भ्रमणध्वनीवर टिपून घेते, आणि दुसऱ्या दिवशी ते सर्वत्र ऐकले जाते ते भ्रमणध्वनीच्या नखाएवढ्या क्षेपकातून. तो क्षेपक १९६५ च्या ट्रांझिस्टरहूनही खर्जाला कृपण आहे. तेथे बंद जवारीचा बेस नाहीसा होतो, आणि ऐकू येते ती घोडीजवळ नखीने छेडलेली, गोल वेढ्याची तार. दोन पिकअप असलेले वाद्य घेऊन, हळदीत एक कळ व मुद्रणात दुसरी कळ फिरविणे, एवढाच मार्ग त्याला आहे. आणि १९६० सालच्या त्या दोन पिकअपांच्या बेसला आजही गिऱ्हाईक का आहे, ह्याचे निदान एक उत्तर त्यात मिळते.